सिंत्राच्या डोंगरावर वसईकर

लिस्बनपासून सिंत्रा जेमतेम तीस किलोमीटर. रोसियू स्टेशनवर लोकल पकडली की चाळीसेक मिनिटांत माणूस डोंगराच्या पायथ्याशी उतरतो आणि तिकीटही खिशाला जड नाही. तरीही रोज सकाळी लिस्बनच्या हॉटेलांसमोर काळ्या चकचकीत व्हॅन येऊन उभ्या राहतात आणि लोक लोकलच्या कित्येक पट पैसे मोजून हसतमुखानं त्यांत चढतात. याला ‘प्रायव्हेट टूर’ म्हणतात. जाहिरातीत लिहिलेलं असतं: दिवस तुमचा, वेग तुमचा, आवड तुमची. वस्तुस्थिती अशी की सिंत्राच्या डोंगरावर आणि पायथ्याला राजवाडे, किल्ले, बागा आणि धनिकांच्या वाड्या मिळून एवढं काही आहे, की दिवसभरात निम्मंही पाहून होत नाही. शिवाय दुपारनंतर समुद्र गाठायचा असतो. त्यामुळे गाईडला पैसे द्यायचे ते दाखवण्याचे नाहीत. काय काय दाखवायचं नाही, हे ठरवण्याचे.

वसईच्या अप्पांना हे कुणी आधी सांगितलं नव्हतं.

अप्पा बँकेतून निवृत्त झालेले. हयात दुसऱ्यांच्या बेरजा तपासण्यात गेल्यामुळे कुठलाही छापील कागद ते लाल पेन हातात घेऊनच वाचतात. लेक आणि जावई नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला नोकरीला. सासूसासऱ्यांना पोर्तुगाल दाखवायचं म्हणून जावयानं हौसेनं ही सहल ठरवली होती. कार्यक्रमाचा कागद हातात पडताच अप्पांनी त्यात तीन ठिकाणी लाल रेघ ओढली: ‘वेळ मिळाल्यास’, ‘बाहेरून’ आणि ‘ऐच्छिक’. “बिल्डरच्या माहितीपत्रकात असतात ते सगळे शब्द आहेत,” असा शेरा मारून त्यांनी कागद माईंकडे दिला. माईंनी तो न वाचताच दशम्यांच्या डब्याखाली घातला, तेल लागू नये म्हणून.

गाईड म्हणून आलेल्या बाई चाळिशीच्या, इतिहास शिकलेल्या, गाडी स्वतःच चालवणाऱ्या. त्यांनी मागे वळून सौजन्यानं विचारलं, “भारतातून? गोव्याला जाऊन आलाय का कधी?”

“आम्ही वसईचे,” अप्पा म्हणाले. “१७३९ पर्यंत तुमच्याकडे होती.”

गाईडबाईंच्या चेहऱ्यावर काही उमटेना, तेव्हा लेकीनं फोनवर पोर्तुगीज स्पेलिंग काढून दाखवलं. मग मात्र बाईंना ओळख पटली. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून मिळालेली वसई पोर्तुगीजांनी दोनशे वर्षं सांभाळली आणि चिमाजी अप्पांनी ती घेतली, हे अप्पांनी बेंफिकाच्या उड्डाणपुलापर्यंत सविस्तर सांगितलं. नावातला योगायोग त्यांना स्वतःहून सांगावा लागू नये म्हणून माईंनीच तो सांगून टाकला.

पहिला थांबा पेना राजवाडा. डोंगर सुमारे पाचशे मीटर उंच, म्हणजे माथेरानपुढे बुटकाच; पण तो समुद्राच्या तोंडावर उभा आहे. अटलांटिकवरून येणारा दमट वारा त्याला अडतो, अंगावरून वर चढतो, गार पडतो आणि त्याचं धुकं होतं. म्हणून लिस्बनमध्ये ऊन असताना सिंत्रात स्वेटर लागतो. याच गारव्यासाठी पोर्तुगालची राजघराणी उन्हाळ्यात इथं मुक्कामाला येत. १९९५ साली युनेस्कोनं हा सगळा परिसर जागतिक वारशाच्या यादीत घातला. त्यात राजवाडे आहेत, जंगल आहे, आणि यादीत लिहिलेलं नसलं तरी धुकंही धरायला हरकत नाही.

पेनाच्या चढावर बाहेरच्या गाड्यांना मज्जाव आहे. राजवाड्याच्या आत शिरायची वेळ तिकिटावर छापलेली असते आणि ती टळली की त्या तिकिटाचा उपयोग पुस्तकात खूण ठेवण्यापुरता. उद्यानाच्या फाटकापासून राजवाड्यापर्यंत पुन्हा एक खडा चढ आहे. त्यासाठी छोटी बस आहे, पण तिचे पैसे वेगळे. ‘ऐच्छिक’ हा शब्द इथं लागू होता. अप्पा म्हणाले, “जीवदानीच्या पायऱ्या चढलेली माणसं आहोत आम्ही.” गाईडबाईंनी घड्याळ पाहिलं, जीवदानी म्हणजे काय हे विचारायचा मोह आवरला आणि चालायला लागल्या. निम्म्या चढावर अप्पा एका झाडाची माहिती वाचण्यासाठी थांबले. मग दुसऱ्या झाडाची. माहितीच्या पाट्यांचा मोठा फायदा असा की त्या वाचताना दम खाता येतो आणि कुणी काही म्हणत नाही. झाडांचीही इथं उणीव नाही. अमेरिकेतले सिकोया, दक्षिण गोलार्धातले झाडाएवढे नेचे, कॅमेलियाची रोपं, असा सगळा परदेशी गोतावळा जमवून हा उघडाबोडका डोंगर हिरवा केला गेला.

तो ज्यानं केला त्याची गोष्ट गाईडबाईंनी चढावरच सुरू केली, आणि ती ऐकता ऐकता जावयाची चाल मंदावली. कारण हा सगळा उद्योग एका घरजावयाचा होता. सॅक्स-कोबुर्ग घराण्यातला फर्डिनांड, व्हिक्टोरिया राणीच्या आल्बर्टचा चुलत भाऊ, १८३६ साली एकोणिसाव्या वर्षी पोर्तुगालची राणी दुसरी मारिया हिच्याशी लग्न करून लिस्बनला आला. तिथल्या रिवाजाप्रमाणे राणीच्या नवऱ्याला राजा ही पदवी लगेच मिळत नसे. वारस जन्माला आला की मगच. फर्डिनांडनं ही अट दीड वर्षात पुरी केली. राज्य बायकोचं, कारभार मंत्र्यांचा, आणि हा चित्रं काढणारा, गाणारा, हौशी माणूस. १८३८ साली त्यानं या माथ्यावरचा हिरोनिमाइट साधूंचा पडका मठ लिलावात स्वतःच्या पैशानं घेतला. मठ सोळाव्या शतकातला, १७५५ च्या भूकंपात खिळखिळा झालेला. १८३४ साली सरकारनं धर्मसंघच बरखास्त केल्यावर तिथं कुणी उरलं नव्हतं. मग बारोन फॉन एश्वेगे नावाच्या जर्मन गृहस्थाला हाताशी धरून त्यानं त्यावर राजवाडा चढवला. एश्वेगे मुळात खाणकाम अभियंता. राजवाडा पाहताना हे पटतं. एका बाजूला मूर पद्धतीच्या कमानी, दुसरीकडे जर्मन बुरूज, मध्येच मशिदीसारखा घुमट, खिडकीभोवती दगडी दोरखंड. खाणीत सापडेल ते सगळं वर आणून रचल्यासारखं. जुना मठ तो तांबडा आणि नवा भाग पिवळा. मध्यंतरी हे रंग उडून सगळा वाडा करडा पडला होता. १९९०च्या दशकात जुने रंग पुन्हा दिले तेव्हा डोळ्यांना करड्याची सवय झालेले लोक दचकले.

अप्पांच्या कुटुंबाला मात्र दचकायची संधी मिळाली नाही. राजवाड्यासमोर ते पोचले तेव्हा राजवाडा दिसत नव्हता. तांबडं नाही, पिवळं नाही. नुसतं दुधासारखं पांढरं, आणि त्यातून वेगवेगळ्या भाषांमध्ये एकमेकांना हाका मारणारी माणसं. गाईडबाईंनी पांढऱ्या भिंतीकडे छत्री रोखून सांगितलं की इथून मूरांचा किल्ला दिसतो, तिकडे समुद्र, आणि हवा स्वच्छ असली तर लिस्बन. अप्पांनी तिन्ही दिशांना मान वळवून तिन्ही ठिकाणं पाहिल्याची नोंद केली. जावयानं फोनवर राजवाड्याचा फोटो उघडला आणि हात लांब करून तो धुक्यात जिथं असायला हवा तिथं धरला.

“छान आला,” माई म्हणाल्या.

राणीच्या गच्चीवर सूर्यघड्याळ आहे आणि त्याला जोडलेली एक छोटी तोफ. पूर्वी ती रोज दुपारी उडायची, म्हणजे राजवाड्याचे रोज बारा वाजायचे, तेही तोफेच्या सलामीत. पण हे यंत्र सूर्यावर चालणारं आणि डोंगर धुक्याचा. हा हिशेब कुणी आधी मांडला होता का, असं अप्पांनी विचारलं. गाईडबाईंना हा प्रश्न यापूर्वी कुणी विचारलेला दिसत नव्हता.

आतमध्ये दालनांमागून दालनं. रांग पुढं सरकते तसं सरकायचं. थांबलं की मागच्याची पिशवी पाठीत. त्यातही माईंना जे पाहायचं होतं ते सापडलं: स्वयंपाकघर. तांब्याची भांडी ओळीनं मांडलेली, डेगांपासून पुडिंगच्या नक्षीदार साच्यांपर्यंत, प्रत्येकावर राजवाड्याचा शिक्का. माई दोरीवरून शक्य तितक्या वाकल्या आणि एका पातेल्याच्या आत डोकावल्या.

“कल्हई गेलीय,” त्यांनी निकाल दिला. “यात आमटी केली तर कळकेल.”

फर्डिनांडची पुढची गोष्ट गाईडबाईंनी बाहेर पडताना घाईत सांगितली, ते काही बरं झालं नाही. तिच्यासाठी जरा थांबायला हवं होतं. मारिया राणी १८५३ साली बाळंतपणात गेली. पुढं फर्डिनांड लिस्बनच्या ऑपेरात गाणाऱ्या एलिझ हेन्सलरच्या प्रेमात पडला. स्विस जन्माची, बॉस्टनला वाढलेली मुलगी. १८६९ साली त्यानं तिच्याशी रीतसर लग्न केलं, ती एडलाची काउंटेस झाली, आणि दोघांनी याच जंगलात एक लाकडी घर बांधलं असावं असा भास व्हावा म्हणून दगडी भिंतींवर लाकडाचा रंग काढलेला बंगला उठवला. १८८५ साली तो वारला तेव्हा मृत्युपत्र उघडलं, आणि पेना राजवाडा या गायिकेच्या नावावर केलेला निघाला. देशभर गदारोळ. शेवटी १८८९ साली सरकारनं तिच्याकडून राजवाडा विकत घेतला. बंगल्याचा वापर मात्र तिनं स्वतःकडे ठेवला. बंगला पाहायला जायचं तर उद्यानातून बराच वेळ चालावं लागतं, म्हणून तो ‘वेळ मिळाल्यास’ या सदरात. वेळ मिळाला नाही. “घरजावई असूनसुद्धा माणसानं स्वतःच्या नावावर काहीतरी केलं,” एवढंच अप्पा जावयाला म्हणाले. हे कौतुक होतं की टोमणा, यावर लेक आणि जावई गाडीत बराच वेळ हळू आवाजात बोलत होते.

खाली गावात ऊन पडलेलं होतं. सिंत्राच्या चौकात टुकटुकवाल्यांची गर्दी असते. बऱ्याच गाड्या बॅटरीवरच्या, काही फुलांच्या माळा घातलेल्या. इटलीच्या पियाज्जोनं जन्माला घातलेलं हे तीनचाकी वाहन महाराष्ट्राला नवं नाही, कंपनीचा कारखाना बारामतीलाच आहे. अप्पांनी सवयीनं मीटर शोधला. मीटर नव्हता. चालकानं डोंगराच्या फेरीचा आकडा सांगितला, अप्पांनी त्याचे रुपये केले, आणि दोघंही काही क्षण एकमेकांकडे आदरानं पाहत राहिले.

आता गाईडबाईंनी खरा पेच समोर ठेवला. गावातला जुना राजवाडा, किंवा रेगालेइरा. दोन्ही होणार नाही.

लेक आणि जावई रेगालेइराच्या बाजूनं. तिथं जमिनीत खोल जाणारी ती प्रसिद्ध विहीर आहे: सुमारे २७ मीटर खोल, नऊ टप्प्यांत उतरणारा गोल जिना, आणि पाणी काढायला ती कधी वापरलीच गेली नाही. गूढ पंथांच्या दीक्षाविधीचा आव आणणारी ही उलटी मीनार बांधली कार्व्हाल्यो मोंतेइरो यानं, जो ब्राझीलमध्ये जन्मला, कॉफी आणि रत्नांच्या पैशावर गडगंज झाला आणि ज्याला लोक ‘लाखोंवाला मोंतेइरो’ म्हणत. आराखडा लुइजी मानिनी या इटालियनाचा, जो नाटकांचे पडदे आणि देखावे रंगवायचा. म्हणून तिथली प्रत्येक गुहा कुणीतरी गात गात बाहेर येईल अशी दिसते. मोंतेइरोचा आणखी एक पराक्रम सांगण्यासारखा आहे. त्यानं पॅरिसच्या लरॉय या घड्याळजींकडून जगातलं तेव्हाचं सर्वांत गुंतागुंतीचं खिशातलं घड्याळ बनवून घेतलं. ते १९०४ साली पुरं झालं. चंद्राच्या कला, तारे, सूर्योदय, सगळं त्यात दिसे. त्याच्याच वाडीच्या दारात आज माणसं रोज मनगटाकडे पाहतात आणि म्हणतात, नाही होणार.

अप्पा आणि माई जुन्या राजवाड्याच्या बाजूनं, कारण तो चौकातच होता आणि तिथं चढ नव्हता. दोन विरुद्ध दोन. गाईडबाईंनी निर्णायक मत द्यायला नकार दिला, पण पार्किंगची मुदत संपत आलीय एवढं सांगितलं. रेगालेइरा पडला. जावयाला त्यांनी विहीर तोंडी सांगितली, हातानं जिना काढून दाखवला.

जुन्या राजवाड्याची ओळख म्हणजे स्वयंपाकघराची दोन अवाढव्य शंकूच्या आकाराची धुराडी, प्रत्येकी ३३ मीटर उंच. गावातल्या सगळ्या चित्रांत तीच दिसतात. राजाच्या शयनगृहापेक्षा मुदपाकखाना दुरून उठून दिसावा, यात कुणालाही गैर वाटलेलं नाही. आत एका दालनाच्या छतावर १३६ काळेपांढरे मॅगपाय पक्षी रंगवलेले आहेत. दंतकथा अशी की राजा पहिला जुआंव राणीच्या एका दासीचं चुंबन घेताना राणीला सापडला आणि ‘हेतू चांगला होता’ एवढंच म्हणाला. राजवाड्यातल्या बायकांची कुजबुज थांबेना, तेव्हा त्यानं जितक्या दासी तितके हे बडबडे पक्षी छतावर काढून घेतले आणि प्रत्येकाच्या चोचीत तेच वाक्य दिलं. राणी लँकेस्टरची फिलिपा, इंग्लंडची लेक. ती यावर काय म्हणाली हे छतावर लिहिलेलं नाही. “तिनं लिहून ठेवलं असतं तर छत पुरलं नसतं,” असं माईंचं मत.

आणि मग ती खोली आली, जिच्यापुढून गाईडबाई जवळजवळ निघूनच चालल्या होत्या. साधी, थोडं सामान, जमिनीच्या फरश्या एका पट्ट्यात झिजलेल्या. सहावा अफोंसो राजा इथं कैदेत होता. येरझाऱ्या घालून घालून त्यानं जमीन झिजवली असं सांगतात. धाकट्या भावानं, पेद्रूनं, त्याची सत्ता काढून घेतली. अफोंसोच्या बायकोनं आधीचं लग्न रद्द करवून घेऊन १६६८ साली पेद्रूशीच लग्न केलं. अफोंसोला आधी अझोर्स बेटांवर पाठवलं, मग १६७४ च्या सुमारास इथं आणून ठेवलं, आणि १६८३ साली तो इथंच मेला.

“म्हणजे कॅथरिनचा भाऊ?” अप्पांनी विचारलं.

तोच. ब्रागांझाची कॅथरिन, जिच्या लग्नात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मुंबई आंदण दिली गेली. १६६१ साली तो करार झाला तेव्हा गादीवर नावाला अफोंसो होता आणि कारभार त्याच्या आईच्या हाती. मुंबईचा कारभार तेव्हा वसईतून चालायचा. गोव्याचा व्हाइसरॉय मुंबई सोडायला इतका नाखूष होता, की प्रत्यक्ष ताबा जायला १६६५ उजाडलं. आणि चार्ल्सनं १६६८ साली ते बेट वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीच्या गळ्यात घातलं. अप्पांनी आयुष्यभर विरार लोकलनं चर्चगेटला ये-जा केलेली. त्या शहराच्या व्यवहारावर ज्याच्या राज्याचा शिक्का, तो माणूस या आठ-दहा पावलांत फेऱ्या मारत होता. ते दोरीपाशी उभे राहिले आणि हलेनात. रांग त्यांना वळसा घालून जाऊ लागली. गाईडबाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं. अखेर अप्पांनी झिजलेल्या फरशीकडे बोट करून विचारलं, “आंदण परत मागायची काही तरतूद होती का करारात?”

जेवणात बराच वेळ गेला, आणि तो सत्कारणी लागला. अप्पांनी बाकाल्याउ मागवला. हा खारवून सुकवलेला कॉड मासा. पोर्तुगीजांचा राष्ट्रीय पदार्थ, आणि तो येतो मुख्यतः नॉर्वेच्या समुद्रातून. वसई-उत्तनच्या वलांड्यांवर वाळणारे बोंबील पाहिलेल्या माणसाला याचं वर्णन करून सांगावं लागत नाही. “सुकट आहे, पण श्रीमंत घरची,” असं म्हणून त्यांनी ताट पुसून खाल्लं. माईंचा गुरुवार होता. त्यांनी दशमीबरोबर गावातल्या प्रसिद्ध ‘पिरिकिता’ बेकरीतले त्राव्हेसेइरू खाल्ले. उशीच्या आकाराची, पापुद्रे सुटलेली खारी, आत बदाम आणि गोड पिवळं सारण, वरून साखर. दोन झाल्यावर लेक म्हणाली, “आई, ते पिवळं म्हणजे अंड्याचा बलक आहे.” माईंनी हातातल्या तिसऱ्याकडे पाहिलं. हेतू चांगला होता, एवढंच म्हणाल्या आणि तो संपवला.

तिथून मोन्सेरातकडे जाणारा रस्ता गर्द झाडीतून, शेवाळलेल्या भिंतींना घासत जातो. त्यातली एक भिंत पेन्या व्हेर्दे या वाडीची. गाडी तिथं थांबत नाही, कारण मालमत्ता खासगी. कार्यक्रमपत्रिकेत तिचं नावही नाही, आणि अप्पांसारख्या प्रवाशाच्या दृष्टीनं सबंध डोंगरावर याहून जवळची जागा नसेल. ही वाडी जुआंव द काश्त्रो याची. १५४६ च्या वेढ्यातून त्यानं दीव वाचवलं. किल्ला पुन्हा बांधायला पैसे हवेत म्हणून गोव्याच्या नगरपालिकेकडे स्वतःच्या दाढीचे केस गहाण म्हणून पाठवले, अशी त्याची ख्याती. पुढं तो व्हाइसरॉय झाला आणि १५४८ साली गोव्यातच वारला. त्याच्या या वाडीत सोमनाथ पाटणचा एक संस्कृत शिलालेख येऊन पडला होता. १२८७ सालचा, वाघेला राजा सारंगदेवाच्या काळातला. त्रिपुरांतक नावाच्या शैव आचार्याच्या तीर्थयात्रा आणि त्यानं सोमनाथला बांधलेली देवळं यांचं वर्णन त्यात आहे. अभ्यासक त्याला आजही ‘सिंत्रा प्रशस्ती’ म्हणतात. हे सगळं लेकीनं फोनवरून वाचून दाखवेपर्यंत भिंत मागे पडली होती.

“दाढीवर कर्ज?” बँकेतले अप्पा जागे झाले. “तारण तपासलं कुणी?”

मोन्सेरात ‘बाहेरून’ झालं. इंग्रज कापडव्यापारी फ्रान्सिस कुक यानं एकोणिसाव्या शतकात बांधलेला, भारतीय आणि मूर नक्षीची मनसोक्त सरमिसळ केलेला हा वाडा. त्याआधी, १७१८ साली, ही जमीन काएतानु द मेलु इ काश्त्रो या गोव्याच्या माजी व्हाइसरॉयनं घेतली होती. गोव्याहून परतलेल्या अधिकाऱ्यांना गार डोंगरावर जमीन घ्यावीशी वाटे, हे समजण्यासारखं आहे. पुण्यातही घेतात.

डोंगर उतरता उतरता कोलारेशचे द्राक्षमळे लागतात. इथल्या वेली वाळूत खोल लावलेल्या असल्यामुळे एकोणिसाव्या शतकात युरोपभरच्या द्राक्षबागा खाणारी फिलॉक्सेरा ही कीड त्यांच्या मुळांपर्यंत पोचली नाही. गाडी थांबली नाही, तेव्हा चवीबद्दल काही सांगता येत नाही. जावयाला हे फार लागलं.

काबो दा रोका म्हणजे युरोप खंडाच्या मुख्य भूमीचं पश्चिम टोक. समुद्रापासून १४० मीटर उंच कडा, १७७२ पासूनचं दीपगृह, आणि एका दगडी क्रुसाखाली कामोंइशची ओळ कोरलेली. कामोंइश हा त्यांचा महाकवी. १५५३ साली गोव्याला उतरला होता आणि तिथल्या कारभाऱ्यांविषयी त्याचं मत चांगलं नव्हतं. वारा असा, की अप्पांची माकडटोपी कानावरून निघून युरोपच्या बाहेर जायला निघाली आणि जावयानं ती कुंपणापाशी पकडली. दिवसभरात सासऱ्याच्या तोंडून निखळ शाबासकी निघाली ती इथं. पर्यटन कार्यालयात, आपण या टोकावर येऊन गेलो असं सुरेख अक्षरात नाव घालून दिलेलं प्रमाणपत्र विकत मिळतं. अप्पांनी चौकशी केली: शिक्का असतो का? असतो. सही? असते. अनुक्रमांक? मग ते नाही कसे म्हणणार.

गिंशु किनाऱ्यावर वाळू डोळ्यांत जाते. १९६९ च्या बाँडपटाची सुरुवात इथं चित्रित झाली, तेव्हाही जात असणार. पुढं बोका दो इन्फेर्नु, म्हणजे कड्यातलं कोसळलेलं विवर, जिथं लाटा आत घुसून खालून फुटतात. १९३० साली अलिस्टर क्रॉली या इंग्रज मांत्रिकानं इथं चिठ्ठी ठेवून आत्महत्येचं नाटक केलं. चिठ्ठीला आणि वर्तमानपत्रांतल्या गाजावाजाला हातभार कुणाचा, तर थेट फर्नांदु पेसोआ या थोर कवीचा. काही आठवड्यांनी क्रॉली बर्लिनमध्ये ठणठणीत सापडला. माई विवराकडे पाठ करून डब्यातली शेवटची दशमी वाटत होत्या.

काश्काइश मूळचं मासेमारांचं गाव. १८७० पासून राजा लुइश उन्हाळ्यात इथं यायला लागला आणि पाठोपाठ सगळं दरबारी लटांबर. १८७८ साली पोर्तुगालमधले पहिले विजेचे दिवे इथल्या गढीवर लागले. शेजारच्या इश्तोरिलला दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातले बिनराज्याचे राजे मुक्कामाला होते: रुमानियाचा कॅरल, इटलीचा उंबेर्तो काश्काइशमध्ये, स्पेनच्या गादीवर हक्क सांगणारा डॉन हुआन. समुद्र, कॅसिनो आणि करायला काही नाही. निवृत्त बँकवाल्यांना हे गाव आवडतं.

लिस्बनला परतायचा रस्ता समुद्राच्या काठाकाठानं जातो आणि संध्याकाळी तो तुंबतो. गाडी थांबली तेव्हा गाईडबाईंनी विचारलं, आपण कधी वसईला आलो तर एका दिवसात काय पाहावं. अप्पांनी कार्यक्रमपत्रिका डब्याखालून काढून घेतली, तेलाचा डाग टाळून मागच्या कोऱ्या बाजूवर लाल पेनानं लिहायला सुरुवात केली. वसईचा किल्ला, आतली सगळी चर्च. चिमाजी अप्पांचं स्मारक. सोपाऱ्याचा स्तूप. निर्मळचं देऊळ. अर्नाळ्याचा किल्ला, होडीनं. जीवदानी, पायऱ्यांनी. सुरुची बागेचा किनारा. आणि जेवायला घरी.

बाईंनी यादी वाचली. “हे एका दिवसात होणार नाही.”

“सकाळी सहाला निघायचं.”

“अर्नाळा बाहेरून?”

“बेट आहे ते. बाहेरून म्हणजे पाण्यात.”

सिग्नल लाल होता. बाईंनी हात पुढे केला, लाल पेन मागून घेतलं आणि सोपारा व अर्नाळा यांवर सरळ काट मारली. अप्पा हबकले. मग त्यांनी सोपाऱ्याला सापडलेले अशोकाचे शिलालेख काढले, भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली केलेलं उत्खनन काढलं, बुद्धाच्या काळातल्या बंदराचा हवाला दिला. ओएराशच्या वळणापर्यंत सोपारा यादीत परत आला होता. अर्नाळ्यावर बोलणी चालू होती.